खाक्या दाखवताच

सकाळच्या पेपरात पाचव्या-सहाव्या पानावर एक वाक्य ठरलेलं असतं: ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ गाव बदलतं, गुन्हा बदलतो, वाक्य तेच. दानपेटी फोडणारा असो की मोटारसायकली पळवणारा, खाक्या दिसला की पोपटासारखा बोलू लागतो. आपण चहात बिस्कीट बुडवत ते वाचतो आणि राशिभविष्याकडे वळतो.

तर पहिला सल्ला: खाक्या म्हणजे नेमकं काय दाखवतात, हे विचारू नका. बातमीदारानं विचारलेलं नाही, उपसंपादकानं विचारलेलं नाही, तुम्हीच कशाला? कबुली काढण्यासाठी दुखापत केली तर कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि हे आजचं नाही, इंग्रजांच्या काळापासूनचं आहे. पण ती ‘दुखापत’ केली तर. खाक्या दाखवण्याला कुठलंच कलम नाही.

आता समजा, एके दिवशी तुमच्या दारात डीबीचे, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकाचे, दोघे साध्या कपड्यांत उभे राहिले. घाबरू नका. तुम्हाला अटक झालेली नाही, ‘साहेबांनी जरा चौकशीला बोलावलंय’. हा फरक नीट समजून घ्या, कारण तुमचा मुक्काम त्यावर अवलंबून आहे. अटक केल्यावर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं, राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदातच तसं लिहिलंय. म्हणून शहाणा अंमलदार अटक करायची घाई करत नाही. तो तुम्हाला बसवून ठेवतो. बसवून ठेवलेल्या माणसाची स्टेशन डायरीत नोंद नसते आणि ज्याची नोंद नाही त्याचं घड्याळही सुरू होत नाही. तुम्ही दोन रात्री त्या बाकड्यावर काढल्यात हे फक्त तुम्हाला आणि बाकड्याला ठाऊक.

बसल्या बसल्या वाचायला भिंतीवर एक फलक असेल. त्यात अटक केलेल्याचे हक्क लिहिलेले असतात. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात अकरा सूचना दिल्या आणि त्या प्रत्येक ठाण्यात दिसेल अशा जागी लावा असंही बजावलं. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव हवं, अटकेचा पंचनामा हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकाला कळवायला हवं, दर ४८ तासांनी डॉक्टरांकडून तपासणी हवी. फलक जरूर वाचा. मोठ्यानं वाचू नका. ‘वकील आहेस का रे?’ हा प्रश्न ठाण्यात कौतुकानं विचारला जात नाही.

मग अटक होईल आणि तुम्हाला कोर्टात नेतील. ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपले पूर्वज सांगून गेले. तुम्हाला चढवायला मात्र दोन हवालदार सोबत असतात. दिवसाला पन्नास प्रकरणं उरकणारे न्यायाधीश मान वर न करता विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची ते तुमच्या मागे हातभरावर उभे आहेत. तुमच्या बेडीचं दुसरं टोक त्यांच्याच हातात आहे. तपासी अंमलदार पीसीआर मागतोय, म्हणजे पोलीस कोठडी. तो मिळाला तर त्याच जीपनं, त्याच लॉकअपात परतायचंय. पूर्वी अटकेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतच पोलीस कोठडी मिळायची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं ते पंधरा दिवस गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यानं घ्यायची सोय करून दिली. म्हणजे आज एमसीआर, अर्थात न्यायालयीन कोठडी, मिळून तुरुंगात गेलात, तरी महिनाभरानं पुन्हा त्याच खोलीत भेट होऊ शकते. तेव्हा उत्तर द्या: ‘नाही साहेब.’

हे उत्तर पुढे फार कामाला येतं, तुमच्या नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन पेटलं, धरपकड झाली. पकडलेल्यांत कायद्याचं शिक्षण घेणारा पस्तिशीचा एक तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा जीव गेला. मारहाण झाली नाही असं त्यानं दंडाधिकाऱ्यांना सांगितलं होतं, असं मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं. शवविच्छेदनाच्या अहवालानं मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याकडे बोट दाखवलं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं जुलै २०२५ मध्ये पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं, तर सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथंही दार बंद झालं तेव्हा कुठे पुढचा कागद हलला. एक गुन्हा नोंदवण्यासाठी राज्य सरकारला दिल्लीपर्यंत हरावं लागलं. मुलाच्या आईला किती चालावं लागलं, त्याचा टीए-डीए कुठल्याच बिलात नाही.

आता कबुलीकडे येऊ, कारण सगळा खटाटोप तिच्यासाठीच. गंमत अशी की पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात शून्य किमतीची असते. १८७२ च्या पुरावा कायद्यातच तसं लिहिलं होतं आणि २०२३ च्या नव्या कायद्यानंही ते तसंच ठेवलं. गोऱ्या साहेबालासुद्धा आपल्या फौजदारावर एवढाच भरवसा होता! तरी कबुली का हवी? कारण कायद्याला एक खिडकी आहे: तुमच्या सांगण्यावरून काही वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. म्हणून तुम्ही ‘स्वखुशीने’ निवेदन देता, दोन पंच सह्या करतात आणि सगळे जीपमध्ये बसून वस्तू ‘काढून’ आणायला निघता. वस्तू कुठे आहे ते तुम्हाला माहीत नसलं तरी हरकत नाही. जीपमध्ये कुणाला तरी माहीत असतंच.

तब्येत सांभाळा. विशेषतः हृदय. कोठडीत माणसाच्या छातीत दुखू लागतं, त्याला तातडीनं रुग्णालयात हलवतात आणि डॉक्टर दाखलपूर्व मृत घोषित करतात. प्रेसनोट इतक्यांदा वापरली गेलीय की आता टायपिंगची चूकही होत नाही.

हृदय मजबूत असेल तर दुसरा मार्ग पळून जाण्याचा. डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोटात परभणीचा एक सत्तावीस वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनिअर पकडला गेला. जानेवारीत पोलीस म्हणाले, औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीप घसरली आणि तो पळाला. सीआयडीनं तपास केला तेव्हा निष्कर्ष निघाला की तो कोठडीतच मेला होता. निलंबित झालेल्या पोलिसांपैकी काही जण २०२० मध्ये पुन्हा खाकी घालून कामावर आले. सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये किरकोळ लुटीच्या संशयावरून दोघांना उचललं. एक जण मार खाऊन मेला, तर ठाण्यानं सांगितलं, दोघेही पळाले. पळालेल्याचं प्रेत आंबोली घाटात जाळलेलं मिळालं. सांगली ते आंबोली अंतर पाहता, मेलेल्या माणसाचा पळण्याचा वेग कौतुकास्पदच.

कॅमेरे असतात ना, असं तुम्ही म्हणाल. असतात. मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ मध्येच ठाण्यात सीसीटीव्ही बसवा म्हटलं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये देशभरासाठी सांगितलं: प्रत्येक ठाण्यात, लॉकअपात, व्हरांड्यात, आवाजासह, रात्री दिसणारे, साठवण दीड वर्षाची. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला कोठडीतल्या मृत्यूंची बातमी वाचून पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली. कॅमेऱ्याची तब्येत आरोपीच्या हृदयासारखीच नाजूक.

छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली. सही पक्की करायची अजून राहिलीय. २०१० मध्ये लोकसभेनं विधेयक मंजूर केलं, ते राज्यसभेच्या समितीत मुरलं. २०१७ मध्ये विधी आयोगानं नवा मसुदा लिहून हातात दिला. ‘विचाराधीन’ या शब्दाला आपल्याकडे मुदत नसते.

आणि सरकारला तरी का दोष द्या? सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूरच्या अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलीस गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. गुन्हा भयंकर होता, राग खरा होता. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनं पुढे पाच पोलिसांना जबाबदार धरलं, पण त्या अहवालाचा फलक कुठल्या चौकात लागल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण अशा वेळी मोठ्यानं म्हणायची असते. महाराष्ट्र पोलिसांचं ब्रीद ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. त्यातला सत् कोण आणि खल कोण, हे आता कोर्टात ठरवायची गरज नाही. पीएसआयच्या केबिनमध्ये ठरतं, टाळ्या आपण वाजवतो.

तुम्ही सज्जन आहात, तुमच्यावर अशी वेळ येणार नाही. तुमच्यावर दुसरी वेळ येईल. घरातली सोन्याची साखळी दिसेनाशी होईल आणि तुमची नजर आधी भांडी घासणाऱ्या मावशींकडे जाईल. ठाण्यात ओळख काढाल, साहेबांना हळूच म्हणाल, ‘जरा तुमचा खाक्या दाखवा, लगेच बोलेल.’ सूर्यास्तानंतर बाईमाणसाला अटक करायची तर दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, हे तुम्हाला आठवणार नाही, त्यांनाही. शिवाय अटक कुठे आहे, चौकशीच तर आहे.

तिसऱ्या दिवशी साखळी मिक्सरच्या मागे सापडेल. तसं झालं तर ठाण्यात फोन करून कळवायला विसरू नका. पलीकडचा अंमलदार जरा गोंधळेल, त्याला सांभाळून घ्या. कारण मावशींनी कालच गुन्हा कबूल केलाय आणि साखळी कुठल्या सोनाराला विकली, तेही सांगितलंय.