ताश्कंद करार आणि कच्छचं रण : एक खुलासा

‘ताश्कंदला शास्त्रीजींवर दबाव आणून कच्छचं रण पाकिस्तानला द्यायला लावलं,’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

कच्छचा वाद ताश्कंदच्या, म्हणजे 1965 च्या युद्धानंतरच्या भारत-पाक कराराच्या, आधीच लवादाकडे गेला होता. एप्रिल 1965 मध्ये रणात चकमकी झाल्या, ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी मध्यस्थी केली आणि 30 जूनला करार झाला: युद्धबंदी, आणि सीमा तिघांच्या लवादाने ठरवायची. अध्यक्ष स्वीडनचे लागरग्रेन. भारताने युगोस्लाव्हियाचे बेब्लर नेमले, पाकिस्तानने इराणचे एन्तेझाम.

निकाल लागला 19 फेब्रुवारी 1968 ला, म्हणजे शास्त्रीजी गेल्यानंतर दोन वर्षांनी. वादग्रस्त भागापैकी सुमारे नव्वद टक्के भारताकडे राहिला. कांजरकोट, छाडबेट वगैरे सुमारे दहा टक्के पाकिस्तानला मिळाला. बेब्लर यांचं मत वेगळं होतं, निकाल दोन विरुद्ध एक असा झाला. देशात त्यावर संताप उसळला, तो समजण्यासारखाच होता.

10 जानेवारी 1966 चा ताश्कंदचा मसुदा वाचा. सैन्य 5 ऑगस्ट 1965 पूर्वीच्या जागी न्यायचं, असं त्यात आहे. त्यामुळे युद्धात आपण घेतलेली काश्मीरमधली हाजीपीर खिंड सोडावी लागली. त्यावर जरूर वाद घाला, पण कच्छचं खापर शास्त्रीजींच्या ताश्कंदवर फोडू नका. हा मेसेज पुढे पाठवू नका, ही कळकळीची विनंती.