व्हिसेरा राखून ठेवला म्हणजे प्रकरण दाबलं?

नदीत कुणाचा मृतदेह मिळाला की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेलं वाक्य: 'गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) शवचिकित्सा झाली, व्हिसेरा राखून ठेवला.' आणि संध्याकाळी गावच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज: 'राखून ठेवला म्हणजे दाबला. वेर्ण्याच्या फॉरेन्सिक लॅबमध्ये मशीन आहे, दोन तासांत सगळं कळतं. पोलिसांची गरजच काय?'

आधी 'राखून ठेवला' बघू. शवचिकित्सेत मृत्यूचं कारण डोळ्यांना दिसलं नाही किंवा विषाचा संशय आला, तर डॉक्टर मत देणं थांबवतात. जठर आणि त्यातलं अन्न, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग, म्हणजेच व्हिसेरा, तपासणीसाठी मिठाच्या संपृक्त पाण्यात, बरण्यांत जातात. रक्त वेगळ्या कुपीत. दाबायचंच असतं तर काहीही न राखता 'हृदयविकार' लिहून मोकळं होणं सोपं नव्हतं का?

दोन तासांचं मशीन? मशीन आहे, पण यकृताचा तुकडा त्यात तसाच टाकता येत नाही. त्यातून विष आधी वेगळं काढावं लागतं. काय शोधायचं याचा धागाही लागतो. मृतदेहाजवळ कीटकनाशकाची बाटली सापडली होती, हे पोलिसांनी कळवलंच नाही तर लॅब अंधारात चाचपडते. बुडण्याचंही तसंच. मांडवीच्या पाण्यात डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ असतं. माणूस जिवंतपणी बुडाला तर ते फुप्फुसांतून रक्तात आणि हाडातल्या मगजापर्यंत पोचू शकतं. पण ताडून बघायला मृतदेह मिळाला तिथलं पाणी बाटलीत भरून यायला हवं. ते कुणी भरायचं? लॅबने नव्हे. (आणि एकट्या डायटमवर निकाल लावू नये, हेही खरं.)

मी एकदा पोलिसांच्या जप्तीला पंच, म्हणजे साक्षीदार, म्हणून सही केलीय. रक्ताचे डाग पडलेला शर्ट ओला होता. उपनिरीक्षकांनी तो आधी सावलीत सुकवला, मग कागदी पाकिटात घातला. ओलं कापड प्लास्टिकमध्ये कोंडलं तर बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. मग लाख वितळवून मोहर, आणि त्याच मोहरेचा ठसा वेगळ्या कागदावर. पाकीट उघडण्याआधी लॅबवाले दोन्ही ठसे ताडून बघतात. जुळले नाहीत तर बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो, मग अहवालात काहीही लिहिलेलं असो. शिवाय शर्टावरचं रक्त कुणाचं ते लॅब सांगेल. शर्ट त्या खोलीत आला कसा, हे विचारायला शेजाऱ्याच्या दारात पोलिसांनाच जावं लागतं.

फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यातही, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाला घटनास्थळी बोलवायची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखावरच टाकलीय.

एवढं लिहिल्यावर कुणीतरी 'मग नार्को करा' (औषध देऊन गुंगीत बोलतं करा) म्हणणारच. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय: संमतीशिवाय नार्को नाही. संमतीने केली तरी त्यात बोललेलं पुरावा ठरत नाही; त्यावरून पुढे काही वस्तू हाती लागली, तर ती चालते.