पी०३४० म्हणजे ‘कॅम सेन्सर गेला’ नव्हे

जुन्या गाड्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०३४० हा कोड आला, की कॅम सेन्सर (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट कुठल्या स्थितीत आहे ते सांगणारा सेन्सर) मेला समजा. मल्टिमीटरने ओहम बघून खात्री करा, नवा सेन्सर टाका, बॅटरीची तार १० मिनिटं काढून ठेवा, काम फत्ते. गॅरेजवाल्याला पैसे कशाला?

शेवटचं वाक्य मलाही आवडलं. बाकीचं एकेक बघू.

‘कोड सेन्सरचा, म्हणजे सेन्सर गेला.’ पी०३४० हा कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमधल्या दोषाचा कोड आहे. मेसेजमधून नेमका ‘सर्किट’ हा शब्द गळलाय. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, सेन्सर दिसत नाही, एका वायरीवरून येणारे ठोके तेवढे कळतात. ठोके थांबले की तो कोड टाकून मोकळा होतो. का थांबले, ते त्याला ठाऊक नसतं. सप्लाय तुटला असेल, अर्थिंग कच्चं असेल, इंजिनच्या वरच्या झाकणाचं, म्हणजे टॅपेट कव्हरचं, ऑइल झिरपून कपलरमध्ये (सेन्सरला वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) उतरलं असेल. पावसाळ्यात बोनेटखाली संसार थाटणारे उंदीर तर आहेतच.

‘सेन्सर बदलला आणि दिवा गेला, आणखी काय पुरावा हवा?’ आमच्या बिल्डिंगमधल्या काकांची २०११ची पेट्रोल गाडी याच पुराव्यावर दोन सेन्सर खाऊन बसली. गाडी थंड असताना ठणठणीत, अर्धा तास चालली की दिवा. नवा सेन्सर बसवला की चार-सहा दिवस शांतता, मग पुन्हा तेच. शेवटी आम्ही वायरिंगवरची टेप सोलली. कपलरपासून बोटभर मागे एक वायर दिसायला धडधाकट होती, पण चिमटीत धरली तर तेवढ्याच जागी लुळी पडायची. आतलं तांबं तुटून हिरवं पडलेलं. सेन्सर बदलताना कपलर काढघाल व्हायची, तुटकी टोकं एकमेकांना टेकायची आणि श्रेय नव्या सेन्सरला जायचं. तेवढा तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली. काकांनी मधल्या काळात केलेल्या खर्चाचा विषय काकूंसमोर काढायचा नाही, असं ठरलंय.

‘ओहम बघा.’ कुठल्या सेन्सरचे? दोन वायरींचा मॅग्नेटिक सेन्सर असेल तर आत कॉइल असते, तिथे रेझिस्टन्सला अर्थ आहे. त्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा मात्र हवा. तीन वायरींच्या हॉल सेन्सरमध्ये आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, ओहम मोजून त्याचं काहीच कळत नाही. चांगला सेन्सरही ‘ओपन’, म्हणजे आतून तुटल्यासारखा, दाखवू शकतो.

तीन वायरींच्या सेन्सरला व्होल्ट मोजायचे. कपलर काढून किल्ली ऑन केली की एका पिनवर सप्लाय हवा, गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्ट. सिग्नलच्या पिनवर बऱ्याच गाड्यांत ईसीयूकडून ५ व्होल्ट येतात. मग कपलर परत जोडायचा आणि मागच्या बाजूने वायरीलगत बारीक टाचणी सरकवून मीटर लावायचा. अर्थची पिन ते बॅटरीचा निगेटिव्ह यांत इंजिन चालू असताना ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंगच्या मागे लागा. शेवटी इंजिन बंद करून, किल्ली ऑन आणि गाडी न्यूट्रलला ठेवून, क्रँक पुलीला (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, क्रँकच्या, टोकावरच्या पुलीला) पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हळूहळू फिरवा. सिग्नल ५ वरून शून्याजवळ आणि परत ५ वर उडायला हवा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच होते, म्हणून अर्ध्या फेरीत निकाल देऊ नका. हे चालू असताना दुसऱ्याने वायरिंग हलवत राहावं. काकांची वायर असंच करताना सापडली.

‘बॅटरी काढा, कोड जाईल.’ जाईल, बऱ्याच गाड्यांत. सोबत दोष नोंदला गेला तेव्हा इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती होते, ही नोंदही पुसली जाईल. म्हणजे आपणच पंचनामा फाडून टाकायचा. आधी स्कॅनरवरच्या या नोंदीचा फोटो काढून ठेवा.

‘गाडी स्टार्टच होत नाही? कॅम सेन्सरच!’ बऱ्याच गाड्या कॅमचा सिग्नल नसतानाही क्रँक सेन्सरच्या भरवशावर चालू होतात, फक्त सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो. त्यामुळे पी०३४०सोबत क्रँकचा पी०३३५ आहे का ते पाहा. पी००१६ असेल तर कॅम आणि क्रँकचा मेळच बसत नाहीये. टायमिंग चेन ढिली पडली असेल किंवा बेल्ट एखादा दात चुकून बसला असेल. तिथे दहा सेन्सर बदललेत तरी फरक पडणार नाही.

सेन्सर जातच नाहीत असं नाही, इंजिनच्या उष्णतेत वर्षानुवर्षं राहून जातात. सप्लाय, अर्थ, सिग्नलची वायर तिन्ही नीट आहेत, सेन्सरचं टोक आणि त्याच्यासमोरची दातेरी चकती शाबूत आहे, आणि इंजिन फिरवूनही सिग्नल हलत नाही, तर मीही सेन्सरच आणतो. जुन्यावरचा पार्ट नंबर जुळवून आणतो, आणि बसवताना ओ-रिंगला ऑइलचं बोट लावतो.