पहाटेची शुद्ध हवा

कानटोपी घालून पहाटे साडेपाचला 'शुद्ध हवा' खायला निघालेल्या पुणेकराला अडवायची हिंमत माझ्यात नाही. तरी सांगतो, डिसेंबर-जानेवारीत त्या वेळची हवा बहुधा दिवसातली सर्वांत वाईट असते. रात्री जमीन गार पडते, तिच्या लगतची हवा थंड होऊन तिथेच बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ, कुणी पेटवलेला कचरा, सगळं त्याखाली कोंडतं. टेकडीवरून पेठांवर राखाडी पट्टा स्पष्ट दिसतो. मंडळी 'काय धुकं पडलंय!' म्हणत त्याचे फोटो काढतात आणि खाली उतरून त्याच धुक्यात पोहे खातात.

ऊन तापलं की झाकण उठतं. हवा त्यातल्या त्यात बरी असते ती दुपारी एक ते चार. म्हणजे खिडक्या उघडायचा आणि फिरायचा मुहूर्त नेमका वामकुक्षीवर येतो. पुण्यात या सुधारणेला कोण उभं राहणार?

मोबाइलवर एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, बघत असाल तर एक मेख लक्षात ठेवा. 'समीर' या सरकारी ॲपवरच्या निर्देशांकात धूलिकणांची २४ तासांची सरासरी धरलेली असते. सकाळचा कहर त्या सरासरीत विरघळून जातो. बाहेर पडायचं की नाही हे ठरवायला पीएम २.५ चा, म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकणांचा, तासाचा आकडा बघावा.

आता स्कार्फ. दुचाकीवर डोळे सोडून सगळं गुंडाळायची आपली परंपरा उन्हाला आणि ओळखीच्या लोकांना उत्तम रोखते. पीएम २.५ चा कण मात्र केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढा. सुती विणीतून तो विनातक्रार आत येतो. त्याला एन ९५ मास्कच लागतो, तोही डोक्यामागून दोन पट्टे जाणारा. वरचा पट्टा कानांच्या वर, खालचा मानेवर, नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबलेली. चष्म्यावर वाफ आली की वरून गळतंय असं समजा. दाढी असेल तर कडेने गळणारच. आणि काटकसरीपोटी तो साबणात धुऊन गॅलरीत वाळत घालू नका. त्यातल्या तंतूंवरचा विद्युतभार कण पकडतो. धुतल्यावर तो भार जातो आणि उरतं ते स्वच्छ, सुवासिक फडकं.

घरात कोरडा झाडू मारला की धूळ फक्त जागा बदलते, ओलं पुसा. फोडणीआधी एक्झॉस्ट लावा, ठसका लागल्यावर नव्हे. बंद खोलीत उदबत्ती आणि मच्छरांची कॉइल एकत्र लावणाऱ्याने रस्त्यावरच्या बसला नावं ठेवू नयेत.

एअर प्युरिफायर घेताना दिव्यांचे रंग सोडून सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, बघा. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत तासाला पाच वेळा हवा गाळायची तर ताशी १७० घनमीटर लागतात. 'सायलेंट' मोडवर यंत्र त्याच्या जवळपासही जात नाही. पहिल्यांदा सुरू करण्याआधी फिल्टरवरची प्लॅस्टिकची पिशवी काढा. ती तशीच ठेवून हवा सुधारल्याचं सांगणारे लोक आहेत!

राहिला सोसायटीतला पालापाचोळा. थंडीत तो पेटवून हात शेकणाऱ्यांसाठी राष्ट्रीय हरित लवादाचा २०१६ चा आदेश आहे: उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर असेल तर २५,०००. फाटकावर पाटी लावायची तर मजकूर तयार आहे: 'येथे पाला जाळल्यास ५,००० रुपये दंड. धूर शेजारच्या सोसायटीत गेला तरी सवलत मिळणार नाही.'