कमरेच्या डब्याने गर्भाशय बिघडत नाही, ताई

परवा रंगीत तालमीला भाची आली ती बेल्टपॅक (प्रयोग चालू असताना पडद्यामागच्यांनी एकमेकांशी बोलायच्या वायरलेस इंटरकॉमचा कमरेचा डबा) न लावताच लाइटच्या कन्सोलवर, म्हणजे दिवे चालवायच्या टेबलावर, जाऊन बसली. विचारलं तर म्हणाली, "मामा, आईने शपथ घातलीय. तो डबा कमरेला लावायचा नाही." आणि तिने मोबाइल पुढे केला. फोंड्याकडच्या नाटकवाल्यांच्या झाडून सगळ्या ग्रुपांवर आठवडाभर फिरणारा तोच मेसेज, "मंडळांनो, फसू नका!" ताईला तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला होता.

मेसेज पाच गोष्टी सांगतो. वायरलेस इंटरकॉमचा डबा चार तास कमरेला लावला की चार एक्स-रे काढल्याइतकं रेडिएशन लागतं आणि मुलींच्या गर्भाशयावर परिणाम होतो. सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुप कॉलवर घेतलं की तेच काम फुकटात होतं. वायरलेस ऐन प्रयोगात तुटतंच. प्रत्येक वायरलेसला सरकारी परवाना लागतो, नसेल तर पोलीस सेट उचलून नेतात. आणि घ्यायचाच असेल तर अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून मागवा, निम्म्या किमतीत पडतो.

पहिल्या मुद्द्याने माझं डोकं फिरलंय, म्हणून आधी तोच घेतो.

एक्स-रेच्या किरणात अणूमधला इलेक्ट्रॉन उडवून लावण्याची ताकद असते. त्याने पेशीतला डीएनए दुखावू शकतो, म्हणून गरोदर बाईचा एक्स-रे डॉक्टर विचार करून काढतात. बेल्टपॅकच्या रेडिओ लहरीच्या एका कणात एक्स-रेच्या तुलनेत काही अब्ज पटींनी कमी ऊर्जा असते. त्यातून इलेक्ट्रॉन उडत नाही, मग डबा चार तास लावा नाहीतर चाळीस. चार तासांची बेरीज करून एक्स-रे बनत नाही. या रेडिओ लहरी अंगाला काय करतात त्यातलं पक्कं सिद्ध झालंय ते एवढंच की भरपूर ताकदीने सोडल्या तर अंग तापवतात. मग ताकद किती, तेही बघू.

आम्ही भाड्याने आणतो तो सेट डेक्ट पद्धतीचा आहे. घरातले डिजिटल कॉर्डलेस फोन याच पद्धतीवर चालतात. सेकंदाचे शंभर भाग आणि प्रत्येक भागात २४ फटी. बेल्टपॅक आपल्या वाट्याच्या एखाद-दुसऱ्या फटीपुरता बोलतो, बाकी वेळ त्याचं प्रक्षेपण बंद. बोलतानाची ताकद २५० मिलीवॅट, म्हणजे सरासरी निघते १० ते २० मिलीवॅट. टॉवर लांब असला की ४जी मोबाइल २०० मिलीवॅटपर्यंत जातो, आणि तो मोबाइल भाची दिवसभर जीन्सच्या खिशात घेऊन फिरते. बेल्टपॅकचे वीसच्या वीस मिलीवॅट अंगात शिरले असं धरलं तरी बसल्या जागी आपलं शरीर स्वतःच ८० ते १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतं. वॅट, मिलीवॅट नव्हे.

मेसेजाला एक कात्रण जोडलंय आणि ते खोटं नाही, हे मला मान्य करावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना '२बी' गटात टाकलं, म्हणजे 'कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही' अशा गटात. पण कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आणि आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही त्याच गटात आहेत. पुरावा तोकडा असला की गोष्ट तिथे जाते. त्यानंतर त्याच आरोग्य संघटनेने मागवलेला मोठा आढावा २०२४ मध्ये आला. ६३ अभ्यास तपासले, त्यांत दहा वर्षांहून जास्त काळ मोबाइल वापरणारेही होते. मोबाइलमुळे मेंदूचा कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. हे डोक्याला टेकवून वापरायच्या मोबाइलबद्दल आहे, ज्याची ताकद आमच्या डब्याच्या कितीतरी पट. आणि गर्भाशयाबद्दल? मेसेजात एकही अभ्यास नाही, एकाही डॉक्टरचं नाव नाही.

पेसमेकर बसवलेल्या माणसाने मात्र मोबाइलसारखाच बेल्टपॅकही छातीपासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवावा. ही एक खरी काळजीची सूचना, आणि नेमकी तीच मेसेजात नाही.

डबा पडदेवाल्याच्या कमरेला लागतो, नेपथ्याच्या पोरांच्याही लागतो. मेसेजात फक्त मुलींचं नाव का? आमच्या मंडळात लाइटवर आणि पार्श्वसंगीतावर मुली बसायला लागल्या त्याला फार वर्षं झालेली नाहीत. रात्री दोनपर्यंत तालीम चालते, घरच्यांना पटवता पटवता आमची दमछाक झाली. ते सगळं हा मेसेज एका ओळीत पुसून टाकतो.

त्या रात्री काय झालं तेही ऐका. भाचीच्या कानाला हेडसेट नाही म्हणून विंगेतून टॉर्चने इशारा द्यायचं ठरलं. कन्सोल देवळाच्या प्राकारात मागच्या टोकाला, रंगमंचापासून तीसेक मीटर. तिसऱ्या प्रवेशाआधी ब्लॅकआऊट, अंधारात दोन पोरं लेव्हल (रंगमंचावरचा लाकडी चौथरा) सरकवतात, संगीत सुरू होतं आणि दिवे येतात. मी टॉर्च मारला तेव्हा चहाचा ट्रे घेऊन कुणीतरी मधे उभा होता. तिला दिसलाच नाही. संगीत वाजलं, नट नेहमीसारखा आत आला आणि लेव्हलच्या कोपऱ्यावर आपटला. नडगीला तीन टाके पडले. इंटरकॉमवर मी "लाइट सात, स्टँडबाय" म्हणतो, ती "स्टँडबाय" म्हणते, लेव्हल बसली की पोरं "क्लिअर" म्हणतात, मग मी "गो" म्हणतो. हे चार शब्द त्या रात्री कुणाच्याच कानात नव्हते.

ग्रुप कॉलचं फार बोलत नाही. जत्रेच्या रात्री अख्खा गाव एका टॉवरवर असतो, कॉल तुटतो. मधेच कुणाच्या काकीचा फोन येतो. तुटला नाही तरी आवाज उशिरा पोचतो, आणि उशीर कधी किती होईल याचा नेम नसतो. "गो" उशिरा पोचला की काय होतं ते वर सांगितलंच.

'वायरलेस तुटतंच' हे अर्धं खरं आहे. वायरीएवढं भरवशाचं काही नाही. क्लिअर-कॉम ही कंपनी १९६८ पासून वायरीचे बेल्टपॅक बनवतेय, आणि पडदेवाला जागचा हलत नाही म्हणून त्याला मी आजही वायरचाच पॅक देतो. पण वायरलेस तुटतं ते बहुतेक वेळा लावणाऱ्याच्या चुकीने. बेस (सगळे डबे जोडणारं मुख्य यंत्र) टेबलाखाली ठेवतात, अँटेना एलईडी वॉलच्या पाठीमागे किंवा दिवे टांगायच्या लोखंडी ट्रसला बांधतात. अँटेना डोक्यांच्या वर हवा, अडीच-तीन मीटरवर, रंगमंच नजरेत येईल अशी. माणसाच्या अंगात पाणीच जास्त, आणि अंग या लहरी शोषून घेतं. म्हणून रिकाम्या प्राकारात उत्तम चाललेला सेट माणसं भरली की दुबळा होतो. डबा अँटेनाच्या बाजूच्या कमरेला लावा, पदराखाली कोंबू नका. एका अँटेनावर किती पॅक चालतात ते आधी विचारा: फ्रीस्पीक २ जातीच्या सेटच्या साध्या अँटेनावर पाच, बोलेरो जातीच्या एकावर दहा. आणि बोलून झालं की डब्यावरचं टॉकचं बटण बंद. एकाचा माइक उघडा राहिला की सगळ्यांच्या कानात त्याचा श्वास.

परवान्याचं सरसकट विधान खोटं आहे. रेडिओ लहरींची २.४ गिगाहर्ट्झची पट्टी ठरलेल्या ताकदीपर्यंत २००५ पासून परवानामुक्त आहे, घरचं वाय-फायही तिथेच चालतं. बाकीच्या पट्ट्यांसाठी परवाना लागतो का ते भाड्याने देणाऱ्याला विचारा, आणि उपकरणाच्या ईटीएचा (त्या जातीच्या उपकरणाला सरकारने दिलेल्या मंजुरीचा) कागद मागा.

अमेरिकेचा सल्ला मात्र घातक आहे. युरोपातला डेक्ट १८८० ते १९०० मेगाहर्ट्झवर चालतो, अमेरिकेतला १९२० ते १९३० वर. आपल्याकडे १९२० ते १९८० ही मोबाइलने टॉवरशी बोलण्याची पट्टी आहे. पाहुण्याने बॅगेतून आणलेला तो सेट प्राकारात लावलात तर आसपासच्या फोनांच्या वाटेत तुम्ही गोंगाट घालणार, आणि जत्रेत कुणाला १०८ ला फोन लावायचा असेल तर तोही त्याच वाटेने जायचा. मेसेज लिहिणाऱ्याने पोलिसांची भीती चौथ्या मुद्द्यात घातली, आणि खरी अडचण पाचव्यात स्वतःच सुचवली.

शनिवारी चार वाजता प्राकारात चालून चाचणी आहे. पॅक लावून कोपऱ्याकोपऱ्यात एक ते वीस आकडे म्हणायचे, जिथे आवाज तुटेल तिथे खडूने खूण करायची. ताई, तू ये. एक डबा तुझ्या कमरेला लावतो. तू रंगपटातून आकडे म्हण, कन्सोलवर तुझी लेक ऐकत असेल.