वाचून नाही, पाळूनच लिहिलंय

नमस्कार दादा,

मी कोंबड्यांबद्दल लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, पण म्हटलं सकाळ होऊ दे.

माझं म्हणणं एवढंच होतं, की कोंबड्या अंडी घालायचं खोकं सोडून भलतीकडे घालायला लागल्या तर खोक्यात अंड्याएवढी गारगोटी ठेवावी आणि पाखरं सकाळी 10 पर्यंत खुराड्यातच ठेवावीत. त्यावर तुम्ही लिहिलंत: 22 कोंबड्यांना 3 खोकी पुरत नाहीत, फोटोतली खोकी बसायच्या दांडीपेक्षा उंच आहेत, फटीतल्या पिसवांचं मी काहीच लिहिलं नाही, आणि शेवटी, 'ताई, कोंबड्या पाळून लिहा, वाचून लिहू नका.'

खोक्यांचं मान्य. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं हवंच, मी आणखी दोन करून घेते. चूक कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही.

पण ते शेवटचं वाक्य! दादा, तुम्ही मला ओळखत नाही, आमचं खुराडं तुम्ही पाहिलेलं नाही, आणि थेट 'वाचून लिहू नका'?

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातलं. आई आठवडा बाजारात अंडी विकायची. भाताच्या तुसात रचलेली पाटी डोक्यावर, आणि त्या पैशातून माझ्या वह्या. सकाळी खुराडं उघडायच्या आधी ती एकेक कोंबडी काखेत धरून शेपटीखाली बोटांनी चाचपायची. आत अंडं हाताला लागलं की ती कोंबडी बाहेर सोडायची नाही, पेंढा पसरून डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या टोपलीखाली ठेवायची. अंडं घातलं की मग सोडायची. 10 पर्यंत कोंडून ठेवा असं मी लिहिलं ते यातूनच आलंय. कोंबडी बहुतेक वेळा सकाळच्या प्रहरातच अंडं घालते, हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलेलं नाही.

एकदा एक तांबडी कोंबडी आईच्या हातून निसटली. रोज ओरडायची गोठ्याजवळ, म्हणून मी गोठाभर शोधत बसायचे. अंडी घालत होती मागच्या पेंढ्याच्या उडवीत. पेंढा बाजूला केला तर आत ताटलीएवढा खळगा आणि त्यात 11 अंडी, वरचं एक अजून कोमट. आईने सगळी पाण्यात सोडली. तीन वर तरंगली, म्हणजे शिळी, ती टाकली. बाकीच्यांतलं एक मात्र परत त्या खळग्यात ठेवून दिलं. म्हणाली, 'सगळी नेलीस तर ती जागा बदलेल, मग शोध रानभर.' मी तेव्हा सात वर्षांची होते. गारगोटीचं काम तेच आहे. अंडं दिसलं की कोंबडीला ती जागा आपली वाटते. पहिलटकर तलंगांना, म्हणजे पहिल्यांदाच अंडी घालणाऱ्या तरुण कोंबड्यांना तर हे दाखवावंच लागतं.

आता सांगा, हे वाचून लिहिलंय?

दांडीच्या उंचीचं म्हणाल, तर जशी जागा तशी रचना. कोंबड्या रात्री खोक्यात झोपतात आणि घाण करतात हे मला ठाऊक आहे, ते मी रोज सकाळी साफही करते. त्यावर वाद घालायला मला वेळ नाही. पिसवांसाठी राख मी घालतेच; लिहायचं राहिलं म्हणजे करत नाही असा अर्थ होत नाही.

तुम्ही खरंच पक्षी पाळत असाल तर तुमच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असेल. ते सांगा, मी ऐकेन. पण 'ताई' म्हणून सुरुवात करायची आणि पुढच्याच शब्दात मला खोटी ठरवायची, ही पद्धत आमच्याकडे नाही.

आज 16 अंडी मिळाली. 14 खोक्यात, 2 दाराआडच्या कोपऱ्यात. त्या दोघी कोण ते मला माहीत आहे. उद्या सकाळी चाचपून डालग्याखाली ठेवणार आहे.