पाच स्टारपैकी कापलेले तीन: त्यातला दोष कुणाचा किती

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू काल दुकान बंद केल्यावर वाचला. मराठीत लिहिलात म्हणून उत्तरही मराठीत. काउंटरवरच्या पोरांना सकाळी एकेका वाक्याचा अर्थ सांगून ऐकवलाय, त्यामुळे तो फक्त मीच वाचलाय असं समजू नका.

तुमची तक्रार थोडक्यात अशी. आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या बंदुकांच्या दुकानातून साडेसातशे डॉलरला वापरलेली मार्लिन ३३६, म्हणजे खालची लिव्हर ओढून काडतूस भरायची रायफल, घेतलीत, "जेएम शिक्क्याची, नॉर्थ हेवनची" असं ऐकून, म्हणजे जॉन मार्लिनच्या नावाचा शिक्का असलेली, मार्लिनच्या जुन्या कारखान्यातली. घरी गेल्यावर दिसलं की क्रमांक एमआर या अक्षरांनी सुरू होतो, म्हणजे पुढे रेमिंग्टन कंपनीने मार्लिन चालवली त्या काळातली. सीझनच्या पहिल्याच शनिवारी पहिला बार हुकला, दुसरं काडतूस आत अडकलं, लिव्हर हलेना आणि हरीण निवांत निघून गेलं. परत आलात तर आम्ही म्हटलं, मार्लिनची आजची मालक कंपनी रूगर ही दुरुस्त करून देणार नाही. बदलून मागितलीत तर पुन्हा फॉर्म पुढे केला. आणि शेवटी लिहिलंत, "मराठी माणसाचं दुकान म्हणून विश्वासाने गेलो होतो." हे लागलं.

शिक्क्याची चूक शंभर टक्के आमची. नळीच्या मुळाशी जेएम दिसला की गिऱ्हाईक खूश आणि विकणाराही खूश, मग पुढे कुणी बघत नाही. आमच्या पोराने तेच केलं. नळी बदलता येते. ज्यावर क्रमांक असतो तो रिसीव्हर हीच खरी बंदूक, अमेरिकन कायद्याच्या नजरेतसुद्धा. १९७३ पासूनच्या जुन्या मार्लिनच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे शंभरातून वजा केले की साल निघतं: २७ असेल तर १९७३, ९५ असेल तर २००५. एमआर म्हणजे रेमिंग्टनच्या हातची, आरएम म्हणजे रूगरने बनवलेली. हा तक्ता आता काउंटरच्या काचेखाली लावलाय. जेएमच्या नावाखाली जे दीडशे डॉलर जास्त घेतले गेले, त्याचा चेक लिहून ठेवलाय.

आता अडकण्याबद्दल. तुम्ही रागाने बंदूक काउंटरवर ठेवून निघून गेलात. ती रात्रभर दुकानात राहिली म्हणून रजिस्टरला चढवावी लागली, आणि चढवलीच आहे तर मी स्वतः खोलून बघितली. लिव्हरच्या पुढच्या टोकाला एक धार असते. लिव्हर ओढली की ती काडतूस वर उचलणाऱ्या पळीच्या, म्हणजे कॅरिअरच्या, खालून घासत जाते. हजारदा घासली की तिथे नखाला लागेल अशी खाच पडते. मग पळी पुरेशी वर येत नाही, मागचं काडतूस मॅगझिनच्या नळीतून निसटून तिच्या खाली शिरतं, आणि लिव्हर ना पुढे ना मागे. तुमच्या पळीला अशी खाच होती. बोट फिरवून पाहिलं तरी कळत होतं. हा रोग इतका जुना आहे की इथले जाणते त्याला मार्लिन जॅम असंच म्हणतात. अस्सल जेएम बंदुकांनाही तो होतो. आधीच्या मालकाने ती दणकून वापरलेली आहे एवढंच. तेव्हा याचं खापर मी रेमिंग्टनवर फोडणार नाही, आणि तुम्हीही फोडू नका. विकण्याआधी आम्ही डमी काडतुसं भरून बघायला हवी होती. बघितली नाहीत. हीसुद्धा आमचीच चूक.

फॉर्मचं मात्र ऐकून घ्या. बंदूक दुरुस्त करून तीच परत दिली तर नवा फॉर्म लागत नाही. ती परत घेऊन दुकानातली वेगळीच दुसरी दिली तर ती नवी विक्री धरली जाते, ४४७३ हा बंदूक-खरेदीचा सरकारी फॉर्म पुन्हा भरायचा आणि पार्श्वभूमी तपासणी पुन्हा. माझा सख्खा भाऊ आला तरी हेच. यात तुमच्यावर संशय वगैरे काही नव्हता.

रूगरच्या बाबतीत तर मला तुमचं पटत नाही. तुम्ही लिहिलंत, "कंपनी विकत घेतली म्हणजे जबाबदारीही घेतली, नाहीतर ही लबाडी." रूगरने मार्लिन कंपनी जशीच्या तशी कुणाकडून घेतलेली नाही. २०२० साली रेमिंग्टनने दुसऱ्यांदा दिवाळखोरी मागितली (पहिली २०१८ ची), आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली तिचे तुकडे करून लिलाव झाला. काडतुसांचा धंदा एकाकडे, बंदुकांचा दुसऱ्याकडे, मार्लिन रूगरकडे. सुमारे तीन कोटी डॉलरला नाव, हक्क, यंत्रं, सुटे भाग असं मिळालं. जुन्या गिऱ्हाइकांना दिलेली वचनं त्या यादीत नसतात. असती तर लिलावात कुणी बोलीच लावली नसती. बंद पडलेल्या गिरणीचे माग लिलावात घेणाऱ्याला आधीच्या मालकाने विकलेल्या धोतराबद्दल कुणी जाब विचारत नाही.

माग म्हटलं कारण मी इचलकरंजीचा. वडील जॉबर होते, म्हणजे माग लावणारे-सांभाळणारे कारागीर. माग विकला जायचा तेव्हा नव्या मालकाकडे लोखंड जायचं, पण कुठला माग कुठल्या आवाजावर धागा तोडतो हे जॉबरच्या कानात राहायचं. सहा महिने नवा मालक कपाळाला हात लावून बसायचा आणि मग वडिलांना बोलावणं यायचं. मार्लिनचं नेमकं हेच झालं. जॉन मार्लिनने १८७० मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनला सुरू केलेला कारखाना, १९६९ पासून शेजारच्या नॉर्थ हेवनला. रेमिंग्टनने २००८ च्या सुरुवातीला तो घेतला, २०११ पर्यंत टाळं लावलं आणि काम न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला वगैरे हलवलं. झिजलेली यंत्रं ट्रकमधून गेली, पण ती सांभाळून घेणारे हात बहुतेक कनेक्टिकटमध्येच राहिले. पहिली काही वर्षं जो माल आला त्याला लोकांनी रेमिंग्टन आणि मार्लिन जोडून रेमलिन असं कुचकट नाव ठेवलं. पुढे माल सुधारला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

रूगरने घाई केली नाही, हे मला आवडलं. नोव्हेंबर २०२० ला व्यवहार पुरा झाला आणि पहिली बंदूक, १८९५ एसबीएल नावाचं मार्लिनचंच दुसरं मॉडेल, डिसेंबर २०२१ ला बाहेर पडली, नॉर्थ कॅरोलायनातल्या मेओडनहून. ३३६ ला २०२३ उजाडलं. वर्षभर फोनवर एकच प्रश्न, "आली का?" आणि आमचं एकच उत्तर. धंद्याच्या दृष्टीने ते वर्ष वाईटच गेलं, खोटं कशाला बोलू. पण नळ्या रूगरच्या स्वतःच्या पद्धतीने, थंड हातोडीच्या ठोक्यांनी घडवलेल्या, आणि लिव्हर ओढली की काकडी कापल्यासारखी जाते. दस्त्याखालचं काळं-पांढरं टिपकं आता लाल केलंय, त्यावर जुने लोक नाकं मुरडतात. मीही मुरडतो.

ही जबाबदारी रूगरची नाही असं तुम्हाला सांगताना आमच्या पोराने खांदे उडवले, हे तुम्ही लिहिलंय आणि ते खरं असणार. एवढं सगळं समजावून सांगायला हवं होतं. त्या आठवड्यात दुकानात उभं राहायला जागा नव्हती. पेनसिल्व्हेनियात हरणाला सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, त्यामुळे थँक्सगिव्हिंगच्या आसपास लिव्हर-अॅक्शनवर अशी उडी पडते. हे कारण झालं, समर्थन नाही.

मराठी माणसाच्या दुकानाबद्दल एवढंच: तुम्ही मराठीत बोललात म्हणून मी गप्पांत रमलो आणि बंदूक दाखवायचं काम पोरावर सोडलं. अनोळखी गिऱ्हाईक असतं तर मीच क्रमांक वाचून दाखवला असता.

लिव्हरची धार कानशीने गोल केली आहे, पळीखाली पातळ पत्रा बसवून उंची भरून काढली आहे. सहा डमी काडतुसं भरून चाळीस वेळा फिरवली, एकदाही अडकली नाही. मजुरी लावलेली नाही. दीडशेचा चेक घेऊन ही ठेवायची की पूर्ण पैसे परत घ्यायचे, ते तुम्ही ठरवा. आरएमवाली नवी हवी असेल तर फरक भरावा लागेल आणि हो, फॉर्मही.

मंगळवार ते शनिवार मी स्वतः असतो, दहा ते सहा. बंदूक मागच्या रॅकवर आहे, डमी काडतुसं तिच्याच शेजारी. घरी नेण्याआधी माझ्यासमोर तुम्हीच फिरवून बघा.